अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली बाटली

गुडघेदुखीसाठी हळद, काळी मिरी आणि शल्लकी (सलईच्या झाडाचा डिंक) यांच्या कॅप्सूलच्या दोन बाटल्या मी यंदा बेळगावच्या बाजारातून विकत घेतल्या आणि आषाढ व श्रावण असे जवळपास दोन महिने, रोज दोन याप्रमाणे, नेमाने घेतल्या. एका बाटलीत 60 कॅप्सूल आणि किंमत 690 रुपये. हा अभिप्राय त्या कॅप्सूलबद्दल आहे आणि त्या ज्या दुकानातून आणल्या त्या दुकानाबद्दलही आहे. खडेबाजाराच्या आतल्या बाजूच्या एका बोळातले ते काष्ठौषधींचे जुने दुकान आहे. कंपनीचे किंवा दुकानाचे नाव मी देत नाही, कारण ज्या उणिवा मला आढळल्या त्याच बाजारातल्या इतर अनेक बाटल्यांवरही डोळ्यांनी दिसतात आणि एकट्यालाच फळ्यासमोर उभे करणे मला शिक्षिका असतानाही आवडत नसे.

आधी मी या वाटेला का गेले, ते सांगते. मराठी प्राथमिक शाळेत उभे राहून शिकवण्यात माझी नोकरी गेली आणि निवृत्तीनंतर दोन्ही गुडघ्यांची झीज एक्स-रेमध्ये स्पष्ट दिसू लागली. दुखणे वाढले की डायक्लोफिनॅकची गोळी घ्यायची, हा माझा अनेक वर्षांचा परिपाठ होता. गेल्या वर्षी रक्ततपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते सांगणारा घटक, थोडे चढलेले निघाले आणि रक्तदाबाच्या गोळ्या तर आधीपासून चालूच होत्या, त्यामुळे डॉक्टरांनी ती गोळी बंद करून गरजेपुरती पॅरासिटामॉल आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम सुचवले. या जातीच्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात आणि रक्तदाबही वाढवतात, हे तोवर मला कोणी समजावून सांगितले नव्हते. पॅरासिटामॉलने माझे भागेना. मग बेळगावच्या पावसात जिना चढताना जे मनात येते, तेच माझ्याही आले आणि मी हळदीकडे वळले.

दुकान मात्र पाहण्यासारखे आहे. आत शिरताच ओवा, वावडिंग, कापूर आणि जुन्या पोत्यांचा मिळून एक वास येतो. डाव्या हाताला लाकडी खणांच्या कपाटापुढे दुकानाचे वयस्कर मालक तराजू घेऊन बसतात आणि उजव्या हाताला काचेच्या नव्या कपाटांत रंगीत बाटल्या मांडून त्यांचा मुलगा उभा असतो. मी गेले तेव्हा बैलहोंगलकडच्या दोन बायका ‘अरिशिन कोंबु’ मागत होत्या, म्हणजे आपली हळकुंडे. मालकांनी एक हळकुंड कडकन मोडून आतला नारिंगी गाभा त्यांना दाखवला आणि मगच वजन केले. हळकुंड मोडल्यावर आवाज कोरडा यावा आणि मोडलेली बाजू गुळगुळीत, गडद दिसावी. नुसती वरची साल पिवळीधमक असेल तर तो रंग चोळून चढवलेला असू शकतो, हे त्यांनी मलाही न विचारता सांगितले. हळदीला चकाकी यावी म्हणून काही ठिकाणी लेड क्रोमेट हा शिशाचा विषारी रंग वापरला जातो, हे लक्षात घेतले तर ही तपासणी शिकून घेण्याजोगी आहे. रायबाग, चिकोडी भागात पिकलेली हळद सांगलीच्या बाजाराला जाते आणि 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालेली ‘सांगलीची हळद’ आपल्या दारावरूनच जाते, तेव्हा निदान आपल्याला तरी रंगवलेल्या हळदीची गरज पडू नये.

मुलाने मात्र माझा गुडघा पाहताच उजव्या बाजूची बाटली पुढे केली. “बाई, ही घ्या की, महिन्यात गुडघे लोण्यागत होतात बघा,” असे तो म्हणाला. पी हळद आणि हो गोरी, ही म्हण मी मुलांना अनेकदा वाक्यात उपयोग करायला दिली आहे, तरी मी बाटली घेतली.

घरी आल्यावर चष्मा लावून लेबल वाचले आणि पहिला धक्का तिथेच बसला. बाटलीच्या दर्शनी भागावर ‘95 टक्के कर्क्युमिनॉइड’ असे ठळक छापले आहे. मागे, तांदळाच्या दाण्याएवढ्या इंग्रजी अक्षरांत, एका कॅप्सूलमध्ये हळद 450 मिलिग्रॅम, शल्लकी 100 मिलिग्रॅम आणि मिरीचा अर्क 5 मिलिग्रॅम असल्याचे लिहिले आहे आणि हळदीपुढे ‘अर्क व चूर्ण’ एवढेच शब्द आहेत. किती अर्क आणि किती चूर्ण, याचा पत्ता नाही. ही बाब क्षुल्लक वाटेल, पण माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. कर्क्युमिन (कर्क्युमिनॉइड गटातले मुख्य द्रव्य) हे हळदीतले रंगद्रव्य आणि दाहशामक म्हणून जे गाजते तेही हेच. ते स्वयंपाकाच्या हळदीत साधारण 2 ते 5 टक्केच असते. म्हणजे 450 मिलिग्रॅम नुसते चूर्ण असेल, तर 3 टक्क्यांच्या हिशेबाने त्यात कर्क्युमिन साडेतेरा मिलिग्रॅम भरते, आणि तेवढाच शुद्ध अर्क असेल तर ते 427 मिलिग्रॅमच्या वर जाते. फरक तीसपटींहून अधिक आहे. पहिल्या प्रकारात मी 690 रुपये देऊन महिनाभर रोज चमचाभर हळदीहूनही कमी ऐवज खाल्ला असे होईल, कारण एका चहाच्या चमच्यात सुमारे 3 ग्रॅम हळद मावते आणि तिच्यात त्याच हिशेबाने 90 मिलिग्रॅम कर्क्युमिन असते, तर माझ्या दोन कॅप्सूलमध्ये 27. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे म्हणतात, ते याहून वेगळे काय असते?

लेबलवर दुसरी गोष्ट दिसली, ती म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा 14 अंकी परवाना क्रमांक. याचा अर्थ कायद्याच्या दृष्टीने हे आयुर्वेदिक औषध नसून पूरक आहार आहे. आयुर्वेदिक औषधावर औषधनिर्मितीचा राज्य सरकारी परवाना असावा लागतो. दुकानात मात्र ती ‘आयुर्वेदिक औषधे’ या पाटीखाली ठेवलेली होती. ज्याला औषध म्हणून घ्यायचे आहे, त्याने बाटली उलटी करून हा क्रमांक पाहावा, ही माझी विनंती आहे.

पूड कशी आहे, हे पाहायला मी एक कॅप्सूल उघडून पांढऱ्या बशीत ओतली. रंग भगव्याकडे झुकणारा आणि वास हळदीपेक्षा राळेचा अधिक, तो शल्लकीचा. चिमूटभर पूड पाण्यात टाकली तर ती तरंगत, फुटत राहिली आणि रात्रभरानंतर तळाला बसली, वरचे पाणी फिक्या पिवळ्या रंगाचे राहिले. गोडेतेलात टाकली तर तेल मात्र घटकाभरात गर्द झाले. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि तेलात विरघळते, त्यामुळे हळद फोडणीत घालणाऱ्या आपल्या आज्यांना शास्त्र आधीच ठाऊक होते असे कुणी म्हटले तर मी हसून सोडून देईन, पण कॅप्सूल जेवणानंतर घ्यावी हे त्यावरून पटते. बशी धुताना साबण लागताच डाग लालभडक झाला. हळदीचे कुंकू होते, तोच हा प्रकार. क्षारात कर्क्युमिन लाल होते. बाटलीत हळद आहे, एवढे यावरून कळले. किती आहे, ते नाही.

बाटलीबरोबर कन्नड आणि इंग्रजी मजकुराचे एक माहितीपत्रक मिळते. मराठी नाही, आणि ज्या गल्लीत निम्मे गिऱ्हाईक मराठी बोलते तिथे औषधासारखी वस्तू विकताना एवढे करायला हरकत नव्हती. पत्रकात हळदीच्या पेटंटच्या लढाईचा अभिमानाने उल्लेख आहे. ती हकिकत खरी आहे: 1995 साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोन संशोधकांच्या कामावर, जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट दिले गेले आणि डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआर या भारताच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने आव्हान दिल्यावर ते 1997 साली रद्द झाले. परंतु ते रद्द झाले ते हा उपयोग नवा नव्हता म्हणून. त्यातून गुडघ्यांविषयी काहीही सिद्ध होत नाही, आणि ते तसे सिद्ध झाल्यासारखे छापणे मला अप्रामाणिक वाटले.

मग काय सिद्ध झाले आहे? माझ्या समजुतीप्रमाणे चित्र असे आहे. झिजलेल्या सांध्याच्या आतले अस्तर सुजते, आणि त्या सुजेमागे पेशींमधली एनएफ-कप्पा-बी नावाची बटणासारखी एक कळ असते, जी दाबली गेली की दाह वाढवणारी द्रव्ये तयार होऊ लागतात. प्रयोगशाळेत पेशींवर कर्क्युमिन ओतले की ही कळ मंदावते. शल्लकीचा डिंक दुसऱ्या वाटेने जातो: त्यातली बोस्वेलिक आम्ले लायपॉक्सिजनेज या विकराला (एन्झाइमला) अडवतात, तर डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या कॉक्स या विकराला अडवतात. (हत्ती हे झाड आवडीने खातात म्हणून संस्कृतात त्याला गजभक्ष्या म्हणतात, हत्तींचे गुडघे दुखतात की नाही, हे मात्र कुठे लिहिलेले आढळले नाही.) बशीतल्या पेशींपर्यंत सारे काही पोचते, माणसाच्या पोटातून रक्तात मात्र कर्क्युमिन फारच थोडे पोचते, कारण आतड्याची भिंत आणि यकृत त्याचा लगेच निकाल लावतात. 2017 साली औषधरसायनशास्त्रज्ञांच्या एका गाजलेल्या आढाव्यात तर कर्क्युमिन हे अस्थिर आणि चाचण्यांमध्ये फसवे होकारार्थी निकाल देणारे द्रव्य आहे, असे स्पष्ट म्हटले होते.

मिरीचे 5 मिलिग्रॅम त्यासाठीच घातलेले आहेत. 1998 साली बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी 2 ग्रॅम कर्क्युमिनबरोबर 20 मिलिग्रॅम पिपेरिन, म्हणजे मिरीतले तिखट द्रव्य, दिले तेव्हा माणसांच्या शरीरातली त्याची उपलब्धता 2000 टक्क्यांनी वाढलेली दिसली. माहितीपत्रकात हा आकडा मोठ्या अक्षरांत आहे, मात्र तो वीस मिलिग्रॅमचा आहे हे नाही.

माणसांवरचे प्रयोगही झाले आहेत आणि ते अगदीच टाकाऊ नाहीत. थायलंडमध्ये 2014 साली प्रसिद्ध झालेल्या, 367 गुडघेरुग्णांच्या अभ्यासात रोज दीड ग्रॅम हळदीचा अर्क आणि 1200 मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन हे वेदनाशामक यांचा परिणाम चार आठवड्यांत जवळपास सारखा निघाला. 2019 साली 139 रुग्णांवर कर्क्युमिन आणि डायक्लोफिनॅक यांची 28 दिवस तुलना झाली, तिथेही वेदनेत फारसा फरक दिसला नाही आणि पोटाचा त्रास कर्क्युमिनवाल्यांना कमी झाला. पण कोण काय घेत आहे हे त्यात सर्वांना माहीत होते, आणि वेदनेसारख्या गोष्टीत या माहितीनेही फरक पडतो. शल्लकीवर नागपूरच्या डॉक्टरांनी 2003 साली 30 रुग्णांचा छोटा पण नीट बेतलेला प्रयोग प्रसिद्ध केला: वेदना आणि सूज कमी झाली, चालणे सुधारले, एक्स-रेमध्ये मात्र काही बदल झाला नाही. झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातली गादी, परत येत नाही, हे त्यातून कळते, आणि “गुडघे लोण्यागत” या आश्वासनाला तिथेच उत्तर मिळते. या सगळ्या प्रयोगांतली मात्रा माझ्या बाटलीतल्या मात्रेपेक्षा बरीच मोठी होती. नागपूरला शल्लकीचा अर्क दिवसाला सुमारे एक ग्रॅम दिला होता, मला मिळत होता 200 मिलिग्रॅम.

माझा स्वतःचा अनुभव मी जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पानांवर रोज रात्री लिहून ठेवला. शून्य म्हणजे दुखणे नाही आणि दहा म्हणजे असह्य, असा आकडा, शिवाय घराच्या 18 पायऱ्या चढताना किती वेळा थांबले त्याची नोंद. कॅप्सूल सुरू करण्यापूर्वीचे दोन आठवडे आकडा बहुतेक सहाच्या आसपास होता आणि जिन्यात दोनदा थांबावे लागे. पहिले तीन आठवडे काहीही फरक पडला नाही. श्रावणाच्या सुमारास आकडा पाचवर, काही दिवशी चारवर आला आणि जिन्यात एकदाच थांबू लागले. सकाळचा आखडलेपणा थोडा लवकर सुटू लागला, हे नक्की. पण याच काळात मांडीचे व्यायामही मी न चुकता करत होते आणि पावसाचा जोरही ओसरला होता. त्यामुळे या एका-दीड आकड्यातले हळदीचे किती, व्यायामाचे किती आणि उघडिपीचे किती, याची वाटणी मला करता येत नाही. पॅरासिटामॉलच्या गोळ्या आठवड्याला सहांवरून तीनवर आल्या. उपद्रव म्हणाल तर रिकाम्या पोटी घेतल्यास छातीत जळजळ आणि ढेकर, ज्यांना मिरीचा वास येतो. जेवणानंतर घेऊ लागल्यावर तो त्रास थांबला.

तक्रारीचा गंभीर भाग यानंतरचा आहे. दुसरी बाटली आणायला माझे यजमान गेले होते. त्यांच्या हृदयात स्टेंट बसवलेला असून रक्त पातळ राहण्याच्या गोळ्या चालू आहेत. दुकानातल्या मुलाने त्यांनाही “साहेब, तुम्हीबी घ्या, रक्त शुद्ध होतंय” असे सांगितले आणि ती गोळी चालू आहे का, हे विचारलेसुद्धा नाही. चार दिवसांनी माझ्या बाटलीतल्या कॅप्सूल मोजताना आठ कमी भरल्या तेव्हा मला कळले. हृदयरोगतज्ज्ञांनी फोनवरच त्या बंद करायला सांगितल्या. कर्क्युमिनचा मोठा डोस रक्त गोठण्याच्या क्रियेत हस्तक्षेप करू शकतो, आणि मिरीचा अर्क ज्या दारातून कर्क्युमिनला आत सोडतो त्याच दारातून इतर औषधांनाही अधिक प्रमाणात आत सोडतो, हे त्याचे कारण. जी गोष्ट पत्रकात गुण म्हणून छापली आहे, तिचीच ही दुसरी बाजू आहे. पित्ताशयात खडे असलेल्यांनीही जपावे. यकृताला इजा झाल्याच्या नोंदी इटलीत झाल्या आहेत आणि ऑस्ट्रेलियाच्या औषधनियंत्रकांनी 2023 साली अशा कॅप्सूलबाबत सावधगिरीची सूचना काढली. प्रमाण फार नाही, पण डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर कॅप्सूल बंद करून डॉक्टरांकडे जावे. भाजीतल्या हळदीला हे लागू नाही. बाटलीवर यांपैकी एकही सूचना नाही.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, असे मुलगा तीनदा म्हणाला. त्याच दुकानात डाव्या बाजूला मी वेगळे ऐकले. खानापूरकडचा एक माणूस वातासाठी कळलावीचा कंद मागत होता. खानापूरच्या रानात पावसाळ्यात फुलणारी ही ज्वालेसारखी फुले सर्वांनी पाहिलेली असतील. तिच्यात कोल्चिसिन असते, जे गाउट या सांधेदुखीवर डॉक्टर मिलिग्रॅमच्या अंशात देतात आणि जे थोडे जास्त झाले तर माणूस दगावतो. मालकांनी तराजूला हात लावला नाही. “कुणाला पाहिजे? कुणी सांगितलं? चिठ्ठी आणा,” एवढे म्हणून त्यांनी त्याला शाहापूरच्या आयुर्वेद रुग्णालयाची वाट दाखवली. दुकानाच्या सेवेला मी जे काही गुण देते आहे, ते या एका प्रसंगासाठी.

कॅप्सूलला पाचांपैकी दोन तारे. थोडा गुण आला असावा, पण किती दिले हे जी कंपनी सांगत नाही, तिला त्याहून जास्त देता येत नाहीत. घ्यायचेच असेल तर अर्काचे मिलिग्रॅम आणि त्यातले कर्क्युमिनचे मिलिग्रॅम वेगवेगळे छापलेली बाटली शोधावी, बीपी, साखर, रक्त पातळ करणे यांपैकी कशाच्याही गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना ती दाखवावी आणि आठ आठवड्यांत फरक न पडल्यास पैसे वाचवावेत. पुडीतून मिळणारी, दोन दिवसांत ठणठणीत करणारी बिननावाची चूर्णे मात्र अजिबात घेऊ नयेत; अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडते आणि तात्काळ गुण येण्याचे रहस्य तेच असते. परंपरागत औषधांवर संशोधन करणारी आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, राष्ट्रीय संस्था आपल्याच बेळगावात, नेहरूनगरला आहे. तिच्या गावात तरी हळद मोजून विकली जावी, अशी अपेक्षा चुकीची नसावी.

भाद्रपदात मी रिकामी बाटली घेऊन पुन्हा दुकानात गेले आणि अर्क किती, चूर्ण किती, असे मुलाला विचारले. त्याने माझ्यासमोर कंपनीच्या क्रमांकावर फोन लावला, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवे. पलीकडून उत्तर आले की ते प्रमाण कंपनीचे गुपित आहे. मुलगा माझ्याकडे पाहत राहिला. मालकांनी डावीकडून विचारले, “बाई, मग काय देऊ?” मी पाव किलो हळकुंडे घेतली. त्यांनी एक मोडून दाखवले, आणि ते मोडके तुकडेही तराजूत घातले.